चौफुल्याची मूठ

श्यामलाताई दामल्यांना रागवायला कारण लागत नाही, असं मंडळातले लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. साफ खोटं! कारण लागायचं. आता कलकत्त्यात कारणांचा दुष्काळ नव्हता, याला त्या बिचाऱ्या काय करणार?

पस्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या थुंकीत आणि शौचात डोळे घालून बसलेली बाई. रिटायर झाली म्हणून डोळेही रिटायर होतात की काय? एस्प्लनेडच्या एखाद्या हॉटेलात चार मैत्रिणी कटलेट खायला बसल्या, की तिघी मेनूकार्ड वाचायच्या आणि श्यामलाताई मेनूकार्डाच्या कडा. किती जणांची बोटं लागली, त्यातली किती चाटलेली, शेवटचं कधी पुसलं. त्यात वेटरने खांद्यावरचं ओलं फडकं काढून टेबलावर फिरवायला घेतलं की संपलंच. "काय रे दादा, फडक्याने टेबल पुसतोस की टेबलाने फडकं?" हे अस्सल बंगालीत, कारण बाईंचा जन्मच भवानीपुरातला. मैत्रिणी खाली माना घालत. वेटर हसे. बाई हसत नसत. "हसा! सलाइन लागलं की मलाच फोन कराल," म्हणून त्या पिशवीतून स्वतःचा चमचा काढत.

अशा या बाईंचा सगळा जीव मराठी स्नेहमंडळाच्या खाणावळीत. एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. दर रविवारी दुपारी साठ-सत्तर पानं उठायची. बदलीवर आलेले बँकवाले, फोर्ट विल्यममधली लष्करातली कुटुंबं, तीन पिढ्यांपासून इथेच रुजलेली आमच्या बाईंसारखी घरं, शिवाय वरणभाताची चटक लागलेले चार बंगाली. पैसे भरेल त्याने यावं आणि जेवावं. बसायला टेबल-खुर्च्या असल्या तरी वाढप मात्र पंगतीचं.

मागची सगळी बाजू सांभाळायची मीना. बजबजची. पहाटेची लोकल पकडून सियालदा, तिथून बस, असं करत आठ वर्षं एक रविवार चुकला नाही तिचा. भांडी तिची, टेबलं तिची, फरशी तिची, आणि स्वयंपाकघराची किल्ली तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून. टेबलागणिक वेगळं फडकं आणि पंगत उठली की ते उकळत्या पाण्यात, हा धडा तिला श्यामलाताईंनीच दिला होता. मीनाने तो असा उचलला की पुढे पुढे तीच बाईंना ओरडायची, "मासीमा, तिसऱ्या टेबलाचं फडकं पाचव्याला कोणी लावलं?" बाईंना मनातून फार बरं वाटे. कमिटीतल्या नऊ पदवीधरांना जे कळलं नाही ते या बाईला कळलं, असं त्या चारचौघांत बोलूनही दाखवत.

फक्त एका वस्तूला मीनाने हात लावायचा नाही. चौफुल्याला.

चार वाट्या एकमेकींना जोडलेल्या आणि मधोमध उभी मूठ, असा तो पितळी चौफुला. वाट्यांना आतून कल्हई. एका वाटीत मीठ, एकीत लिंबाच्या फोडी, एकीत चटणी, एकीत कोशिंबीर. पानाची डावी बाजू त्यातून वाढायची. श्यामलाताईंच्या वडिलांनी तो मंडळाला दिलेला. मुठीची कडा तळहाताला कापायची, म्हणून वडिलांनी स्वतः बसून तिच्यावर सुतळी गुंडाळली होती. ते बजबजच्या ज्यूट मिलमध्ये इंजिनियर, सुतळीला काय तोटा! त्या गोष्टीला एकेचाळीस वर्षं झाली. वडील गेले, सुतळी तशीच. काळी पडलेली, तेलाने तुळतुळीत झालेली.

डावी बाजू वाढायची ती श्यामलाताईंनीच. मीठ आधी की लिंबू आधी हेच आताच्या पोरींना ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं. एका हाताने मूठ धरायची, तो हात भरून आला की दुसऱ्याने, आणि मोकळ्या हाताच्या चिमटीने मीठ, लिंबू. पहिली फेरी झाली की चौफुला टेबलावर ठेवायचा. मग तो हातोहात फिरे. "जरा चटणी सरकवा इकडे," म्हणत मोठी माणसं डाव्या हाताने ओढत, मुलं खरकट्या उजव्याने. जेवणं आटोपली की बाई चारही वाट्या घासूनपुसून लख्ख करत, मूठ मात्र कोरड्या फडक्याने पुसत, आणि चौफुला पिशवीत घालून घरी नेत. पहिल्या वर्षी मीनाने तो इतर भांड्यांबरोबर नळाखाली धरला होता, तेव्हा बाई केवढ्यांदा ओरडल्या होत्या! "ठेव! ओली झाली की सुतळी कुजते. तू हात लावू नकोस त्याला. ते माझं मी बघते."

मीनाने ठेवला. पुन्हा कधी हात लावला नाही.

तर त्या रविवारी पंगत झाली, आणि मंगळवारपर्यंत अकरा जण आडवे. जुलाब, ताप, उलट्या. दहा जण घरच्या घरी सावरले. अकरावा सुश्रुत, मंजुषाचा मुलगा. मंजुषाचा नवरा फोर्ट विल्यममध्ये मेजर, आणि पोरगं सहा वर्षांचं. त्याला चार दिवस हॉस्पिटलात ठेवावं लागलं. रिपोर्टात साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. खाणावळीला कुलूप लागलं आणि शुक्रवारी कमिटी बसली.

अध्यक्ष मनोहरराव खांबेटे. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आणि तोंडात कायम खडीसाखर. "आपण कोणालाही दोष देत नाही," अशी त्यांनी सुरुवात केली, तेव्हाच श्यामलाताईंनी ओळखलं की आता कोणाचा तरी गळा धरणार.

"पण स्वच्छता कोणाकडे होती, हे बघावं लागेल," मनोहरराव म्हणाले. "मीना येते कुठून, कुठल्या नळाचं पाणी पिते, घरी काय सोय आहे, आपल्याला काय माहीत? माणूस वाईट नाही हो. पण राहणीमान."

श्यामलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "राहणीमान? मनोहरराव, तुम्ही बेसिनपाशी कधी दिसला नाहीत मला. पंगतीत येऊन बसता ते थेट बसचा दांडा धरलेल्या हाताने. मीना दिवसातून वीस वेळा साबणाने हात धुते. मी मोजलेत! वड्याचं तेल वांग्यावर काढू नका."

"मग माझ्या मुलाला काय हवेतून झालं?" मंजुषा बोलली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज अजिबात कापत नव्हता. "ताई, सुई टोचायला त्याच्या हाताला शीर सापडत नव्हती. तिघी नर्सनी दाबून धरलं होतं त्याला. 'आई, सांग ना यांना' म्हणून ओरडत होता. कोणीतरी उत्तर द्यायला नको?"

यावर बाई म्हणाल्या, "हवं. उत्तर हवंच. पण उत्तर शोधायचं असतं मंजुषा, जो गरीब सापडेल त्याच्या गळ्यात बांधायचं नसतं. मला पुढच्या रविवारपर्यंत मुदत द्या. एकूण एक वस्तू तपासते. मीनाच्या हातचं काही निघालं, तर मीच तिच्याकडून किल्ली घेईन."

"आणि नाही निघालं तर?"

"तर तुम्ही सगळ्यांनी तिची माफी मागायची. उभं राहून!"

त्या संध्याकाळी श्यामलाताईंची भाची ऋता काड्या घेऊन खाणावळीत आली. ही त्याच लॅबमध्ये चिकटलेली, बाईंच्याच हाताखाली शिकलेली. कापसाचा बोळा लावलेल्या निर्जंतुक काड्या, प्रत्येक एका वस्तूवर फिरवायची आणि नळीत बंद करायची. एक नंबर, टेबल पुसायचं फडकं. दोन, टेबलांच्या कडा. तीन, पाण्याच्या फिल्टरची तोटी. चार, जगचा कान. पाच, मीनाचा स्टीलचा पेला. तो खिडकीत वेगळ्या खिळ्याला टांगलेला असे. तो का वेगळा, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. बाईंनीही नाही.

"आत्या, एक साफवाला पण घे ना," ऋता म्हणाली. तिचं मराठी असंच, इथल्या हवेवर वाढलेलं. "बाकीच्यांना कम्पेअर करायला."

"खरंच की. घरी चल, चौफुल्याचा घे," बाई म्हणाल्या. "सबंध मंडळात त्याच्याइतकं स्वच्छ काही सापडणार नाही. त्याला माझ्याशिवाय कोणी धूत नाही. शिवाय पितळेवर जंतू टिकत नाहीत, हे तुला मीच शिकवलंय."

तो झाला नंबर सहा.

सोमवारी ऋताचा फोन आला. "आत्या, लॅबमध्ये ये. फोनवर नको."

टेबलावर जंतू वाढवायच्या सहा प्लेटी मांडलेल्या होत्या, एकेका काडीची एकेक. एक ते पाचवर किरकोळ काहीबाही, कुठल्याही सार्वजनिक जागी सापडतं तेवढं. मीनाच्या पेल्यावर तर काहीच नाही. आणि सहावर काळे ठिपके. भरगच्च, मधोमध काळेभोर. साल्मोनेलाचे हे ठिपके श्यामलाताईंनी आयुष्यात हजारदा पाहिले होते, त्यांना भिंग लागलं नाही.

"लेबलं बदललीस तू!" बाई कडाडल्या. लॅबमधली पोरं वळून बघायला लागली. "काय शिकवलं तुला? आधी लेबल, मग काडी! इतकी साधी गोष्ट जमत नाही?"

"आत्या, लेबल तूच लिहिलंस. तुझं अक्षर आहे."

अक्षर त्यांचंच होतं. पण माणूस हरायला लागला की जास्त मोठ्याने भांडतो, तसं बाईंचं झालं. त्यांनी घरी जाऊन दुसऱ्यांदा नमुना घेतला. काडी स्वतः फिरवली, लेबल स्वतः चिकटवलं, प्लेटीवर रेघा स्वतः ओढल्या, इनक्युबेटरचं दार स्वतः लावलं. पक्की तपासणी व्हायला शुक्रवार उजाडला. पुन्हा तेच. सुश्रुतच्या रिपोर्टात होता तोच.

"पण पितळेवर..." बाई म्हणाल्या.

"पितळ नाही, आत्या. सुतळी."

शनिवारी दुपारी श्यामलाताईंनी चौफुला समोर घेतला आणि मुठीवरची सुतळी नखाने जरा उचकटून पाहिली. आत पिवळट लगदा होता. एकेचाळीस वर्षांचं तेल, दही, घाम, उष्टी बोटं. वास असा आला की पस्तीस वर्षं शौच तपासलेल्या बाईला ओकारी आली. तो जंतू कोणाच्या हातातून आला असेल, देवालाच ठाऊक. पण येऊन राहिला तो इथे, आणि त्याला भरवत राहिल्या त्या. लोकांच्या मेनूकार्डांच्या कडा वाचत फिरणारी बाई! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, याहून वेगळं काय केलं होतं त्यांनी? रागाचा डोंब उसळला, आणि तो काढायला समोर दुसरं कोणीच नव्हतं. वडिलांच्या फोटोकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही गुंडाळलीत ती हाताला कापू नये म्हणून. पुजत मी बसले."

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या दुपारी तासभर बाईंच्या मनात आलं होतं, की पाचच रिपोर्ट न्यावेत. सहावा मुळात कोणी मागितलाच नव्हता. चौफुला रॉकेलमध्ये बुडवला, सुतळी जाळली, की झालं. मनात आलं, हे खोटं नाही.

रविवारी कमिटी पुन्हा बसली. मीनाला किल्ली आणायला सांगितलं होतं. ती बाहेर जिन्याच्या पायरीवर बसली होती, गाठ सोडून किल्ली हातात धरून. आत बोलावून खुर्ची द्यावी असं कोणाला सुचलं नाही.

श्यामलाताईंनी एक ते पाच वाचून दाखवले. फडकं स्वच्छ, कडा ठीक, तोटी ठीक, जग ठीक, मीनाचा पेला निर्मळ.

मनोहररावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे नक्की असं कळत नाही. असू द्या. पण लोकांना काहीतरी सांगावं लागतं. मीनाला आपण सन्मानाने निरोप देऊ, नवीन बाई ठेवू, विषय संपेल. शाल वगैरे देऊ."

"शाल!" श्यामलाताई उठून उभ्या राहिल्या. "सहावा ऐका. चौफुल्याची मूठ. साल्मोनेला. दोनदा तपासलं. तो धुते मी, नेते मी, वाढते मी. अकरा जणांना मी आजारी पाडलं."

मनोहररावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "ताई, हे आपल्या आपल्यात राहू द्या. तुमच्या वडिलांची देणगी आहे ती. चाळीस वर्षांची सेवा तुमची. उगाच नाव कशाला खराब? चौफुला गुपचूप काढून टाकू. तिचं काय, तिला चार घरी काम मिळेल."

"मनोहरराव, तोंड सांभाळा! माझं नाव राखायला तुम्ही तिचं नाव जाळणार? आणि त्या माझ्या मेलेल्या बापाला मध्ये घालणार? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आणि इथे तर चोर स्वतः उभा राहून सांगतोय, तरी तुम्हाला ऐकायचं नाही!"

मंजुषा इतका वेळ एकटक त्यांच्याकडे बघत होती. ती हळू बोलली. "तुम्ही त्याला दोनदा वाढली होतीत चटणी. तो नको म्हणत होता. 'मराठी पोरगा ना तू, डावी बाजू टाकतात का,' म्हणालात."

"हो," श्यामलाताई म्हणाल्या.

"मला तुमच्याशी बोलायचं नाही," मंजुषा म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. दाराबाहेर मात्र ती मीनासमोर थांबली. काय बोलली ते आत ऐकू आलं नाही. मीना उठून उभी राहिली, एवढंच दिसलं.

श्यामलाताई चौफुल्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या. मागोमाग कमिटी दारात गोळा झाली. मीनाशी बाईंचं बोलणं नेहमी बंगालीतच व्हायचं.

"कुठे सापडलं, मासीमा?"

"चौफुल्याच्या मुठीत."

मीनाने पिशवीकडे पाहिलं. "आठ वर्षांत मी हात लावला नाही, त्यात?"

"हो."

"सुतळी कुजेल म्हणून."

"हो, म्हणून."

"नाही, मासीमा." मीनाचा आवाज चढला नव्हता, पण असा आवाज बाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "सुतळीसाठी नव्हतं ते. खिडकीतला पेला ज्या कारणासाठी वेगळा आहे, त्याच कारणासाठी होतं. तुम्ही मला फडकं उकळायला शिकवलंत, मी शिकले. पण तुमच्या बाबांच्या मुठीला माझा हात चालत नव्हता."

'असं नाही गं' हे श्यामलाताईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पस्तीस वर्षांत या बाईने रिपोर्ट खोटा लिहिला नव्हता. तो आताही लिहवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं," आणि चौफुला पुढे केला. "घे. आजपासून हा तुझ्याकडे. तू धू."

"वा!" मीना भडकली. आता मात्र आवाज जिन्यात घुमला. "चकचकीत होता तोवर तुमचा, आणि घाण निघाल्यावर माझा? आठ दिवस बजबजच्या बायका विचारतायत, काय गं, तू विष घातलंस म्हणे बाबूलोकांना? माझी पोरगी शाळेतून रडत आली. आणि मी हे धुवू?"

मीनाने कमिटीला बाजूला सारत हातातल्या किल्लीने स्वयंपाकघर उघडलं, किल्ली पदराच्या टोकाला पुन्हा बांधली, गाठ करकचून ओढली, आणि आत शिरली. मोठं पातेलं भरून गॅसवर ठेवलं. फळीवरून विळी काढून मोरीपाशी आपटली.

"तुम्ही धुवा, मासीमा. मी बघते."

श्यामलाताई पदर खोचून मोरीपाशी बसल्या. गुडघे दुखत होते, खाली बसायला वेळ लागला. मनोहरराव दारातून म्हणाले, "अहो ताई, तुम्ही कशाला..."

"गप्प बसा!" हे दोघी एकदमच बोलल्या, एक मराठीत आणि एक बंगालीत.

"आधी ती सुतळी काढा," मीना म्हणाली.

बाईंनी मूठ विळीच्या पात्याला लावली. वडिलांनी मारलेली गाठ खालच्या बाजूला होती, अजून घट्ट. हात थांबला. मीना नुसती उभी होती. मग बाईंनी जोर दिला आणि सुतळी तुटली. काळे तुकडे मोरीत पडले, त्यांचा वास खोलीभर पसरला. कमिटी नाकाला रुमाल लावून मागे सरली.

उघड्या पितळेची कडा तळहाताला कापत होती. बाईंनी चिंच लावून घासलं, साबण लावून घासलं, उकळतं पाणी ओतलं, आणि चौफुला वर धरला. मीनाने तो हातात घेतला. आठ वर्षांत पहिल्यांदाच. उजेडात फिरवून पाहिला, सांध्यात बोट घातलं, ते बोट बाईंच्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे? निघालं नाही. परत घासा."

श्यामलाताईंनी परत घासायला घेतलं.